बोरिककाका

बासोविश्चाला जाऊन आलेला जुना माणूस ‘मी गेलो होतो’ असं सांगत नाही. तो साल सांगतो. ‘१९९३,’ एवढंच म्हणतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. तुम्ही ‘२००६’ म्हणालात की त्याचा चेहरा उजळतो. मग तो मोठ्या मनाने तुमच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘हां, तेव्हाही बरं असायचं तसं.’

अशा माणसांना मी मनातल्या मनात बोरिककाका म्हणतो. बोरिक हे रानाचं नाव. पोलंडच्या पूर्व कडेला, ब्यालिस्तोकहून बेलारूसच्या सरहद्दीकडे निघालं की वाटेत ग्रुदेक नावाचं गाव लागतं. त्या मुलखात बेलारशियन माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कागदोपत्री पोलिश, धर्माने बहुतेक ऑर्थोडॉक्स, आणि ‘तुम्ही नेमके कोण?’ असं विचारलं तर ‘आम्ही इथलेच’ असं सांगून विषय मिटवणारी. गावाजवळच्या या रानात १९९० साली पोलंडमधल्या बेलारशियन विद्यार्थ्यांच्या संघटनेने रॉक संगीताचा उत्सव भरवला. संघटनेचं लघुनाव ‘बास’, म्हणून उत्सवाचं ‘बासोविश्चा’. जुलै महिना, पाइनची झाडं, एक मंच, तंबू आणि डास. २०१९पर्यंत वर्षामागून वर्ष हे चालू राहिलं. एवढा काळ पुरला. बोरिककाकांची एक पुरती जमात तयार झाली.

वय पन्नाशी ते साठी. केस मागे बांधलेले, म्हणजे जे उरलेत ते. अंगात काळा टी-शर्ट. या टी-शर्टांची एक उतरंड असते. पहिल्या दिवशी सगळ्यात जुना घालायचा, ज्याचा काळा रंग आता काळा राहिलेला नाही आणि ज्यावरचं बँडचं नाव पोटावर ताणून चांगलं सुवाच्य झालं आहे. दुसऱ्या दिवशी त्यानंतरच्या सालाचा. कोरा टी-शर्ट विकत घ्यायचा, पण तिथे घालायचा नाही. तो दहा वर्षं मुरवायचा. मला माहीत असलेल्या एका काकूंनी चुकून १९९५चा टी-शर्ट फरशी पुसायला काढला होता. काका काही बोलले नाहीत. त्यांनी तो बादलीतून काढला, पिळला आणि ओलाच अंगात घातला.

काकांच्या मनगटावरचं घड्याळ मिन्स्कच्या वेळेवर चालतं. उन्हाळ्यात मिन्स्क पोलंडच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे बोरिककाका प्रत्येक कार्यक्रमाला एक तास आधी हजर असतात आणि तो तासभर ‘आजकालच्या पोरांना वेळेची किंमत नाही’ हे सांगण्यात सत्कारणी लावतात. घड्याळ बदलून टाका असं सुचवून बघितलं. ‘का म्हणून? मी इथे पाहुणा आहे,’ असं उत्तर मिळालं. हे गृहस्थ ब्यालिस्तोकमध्ये भाड्याच्या घरात राहतात, तिथे दाढदुखीचा डॉक्टरही त्यांचा ठरलेला आहे. तरी पाहुणे.

पिशवीत काय असतं ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे धक्का बसणार नाही. काचेच्या बरणीत घरी खारवलेल्या काकड्या, बडीशोप आणि लसूण घालून. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सालो, म्हणजे खारवलेली डुकराची चरबी. काळा पाव. चाकू. एका लहान बाटलीत मधाची, मसाल्याची क्रांबांबुला, ‘फक्त घशासाठी’. उत्सवात खाण्याचे ठेले असायचे, बटाट्याचे नाना प्रकार मिळायचे, पण काका तिथे खायला जात नसत, तपासणीला जात. द्रानिकी तळणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न: ‘पीठ घातलंय का?’ द्रानिकी म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तव्यावरचे घावन. त्यात बटाटा, कांदा, मीठ; याउप्पर काही घालणं काकांच्या लेखी धर्मबाह्य. पोलिश लोक खुशाल पीठ घालतात. बाई ‘चमचाभर’ म्हणाल्या की काका मान हलवायचे, द्रानिकी घ्यायचे, पाच खायचे आणि प्रत्येक घासाला ‘पीठ’ म्हणायचे.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, की हा एक खाऊ-पिऊ गृहस्थ आहे, संगीताशी याचं काय? तर संगीतासाठी या माणसाने जे केलं आहे ते आपल्यापैकी फार थोड्यांनी केलं असेल.

बेलारशियन रॉकची गोष्ट मिन्स्कमध्ये सुरू होते. १९८१ साली लावोन वोल्स्की आणि त्याच्या मित्रांनी ‘म्रोया’ नावाचा बँड काढला. म्रोया म्हणजे स्वप्न. १९९४ साली त्याच बँडने ‘एन. आर. एम.’ हे नाव घेतलं, म्हणजे स्वप्नाचं स्वतंत्र प्रजासत्ताक. त्याच वर्षी अलेक्सांद्र लुकाशेंका राष्ट्राध्यक्ष झाले. ‘त्या साली दोन राज्यं स्थापन झाली,’ असं काका दर वेळी सांगतात, ‘मी दुसऱ्याचा नागरिक.’ हा विनोद त्यांच्या तोंडून ऐकला नाही असा माणूस ब्यालिस्तोकमध्ये सापडणं कठीण. १९९८ साली एन. आर. एम.चा ‘नागरिकाचा पासपोर्ट’ अशा अर्थाच्या नावाचा अल्बमही आला, तेव्हापासून तर विनोदाला पुरावा मिळाला.

पुढे २००४च्या जुलैत, लुकाशेंकांच्या सत्तेला दहा वर्षं झाली त्या निमित्ताने, काही बँड विरोधकांच्या सभेत वाजवायला गेले. त्यानंतर या बँडची नावं रेडिओवरून गेली, सभागृहं मिळेनाशी झाली. बंदीचा कागद कोणी दाखवला नाही. हॉलची वीज गेलेली असे, नाहीतर छत दुरुस्तीला काढलेलं असे. गंमत म्हणजे त्याच सुमारास रेडिओवर ७५ टक्के संगीत देशीच लावायचं असा नियम आला. देशी संगीत हवं, पण हे देशी नको. मग मिन्स्कचा बँड ऐकायला मिन्स्कची माणसं परदेशी जाऊ लागली. व्हिल्न्यूसला, कीव्हला आणि अर्थात बोरिकच्या रानात. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या गायकाचं गाणं ऐकायला माणूस पासपोर्ट काढतो, व्हिसाची रांग लावतो, सुमारे ३०० किलोमीटर बसने जातो, सरहद्दीवर रात्र काढतो. २००७च्या डिसेंबरात पोलंड शेंगेनच्या सामायिक व्हिसा-क्षेत्रात गेलं आणि बेलारशियन माणसाला व्हिसाला ६० युरो पडू लागले. काकांनी तेही भरले. घरात धुलाईयंत्र घ्यायचं होतं, ते राहिलं. काकू अजून ‘एन. आर. एम.चं धुलाईयंत्र’ असाच उल्लेख करतात.

सरहद्दीवरच्या रांगेत काकांची प्रतिभा खुलायची. कोणत्या खिडकीचा शिपाई सैल, कोणती बस आधी सुटेल, चहा कुठे मिळेल, सगळं पाठ. बसमधल्या नवख्यांना ते हळू आवाजात सूचना द्यायचे: ‘कुठे चाललास विचारलं तर मावशीकडे.’ त्या काळी ग्रुदेकमध्ये जुलै महिन्यात बेलारशियन तरुणांच्या जितक्या मावश्या होत्या, तितकी गावाची वस्ती नसेल. परतताना पांढरा-लाल-पांढरा झेंडा कमरेला गुंडाळून वर स्वेटर घालायचा, भर उन्हाळ्यात. हा झेंडा १९९१ ते १९९५ देशाचा अधिकृत झेंडा होता. नंतर सार्वमत घेऊन बदलला. तेव्हापासून तो फडकवला की पोलीस येतात. २०२०नंतर तर पांढऱ्या मोज्यांवरच्या लाल पट्ट्यावरूनही लोकांना दंड झाले. काकांच्या कपाटात बघाल तर मोजे सगळे तपकिरी.

आता भाषा. इथे मला थोडं जपून लिहिलं पाहिजे, कारण काका हे कधी कोणाकडून वाचून घेतील सांगता येत नाही.

बेलारूसमध्ये शहरात बहुतेक व्यवहार रशियनमध्ये चालतो. बेलारशियन बोलणारा माणूस दुकानात गेला की लोक वळून बघतात, शिक्षक असावा किंवा भांडखोर. बोरिकमध्ये मात्र उत्सवभर सगळं बेलारशियनमध्ये असायचं: मंचावरून घोषणा, तंबूतली भांडणं, संडासाबाहेरची रांग. त्या रांगेत एखादा पोरगा रशियनमध्ये ‘शेवटचा कोण?’ म्हणाला, की काका प्रेमाने पुढे होऊन तेच वाक्य बेलारशियनमध्ये म्हणून दाखवतात. पोरगं लाजून पुन्हा म्हणतं. काका उच्चार सुधारतात. तोवर रांग पुढे सरकलेली असते आणि पोरग्याची घाई वाढलेली असते.

नुसती भाषा असून भागत नाही, शुद्धलेखनही लागतं. १९१८ साली ब्रानिस्लाव ताराश्केविचने व्याकरण लिहिलं. १९३३ साली सोविएत राजवटीने लेखनाचे नियम बदलून रशियनच्या जवळ नेले, त्यात पुष्कळ ठिकाणची मृदुचिन्हं, म्हणजे आधीच्या व्यंजनाचा उच्चार मऊ करणारी अक्षरं, उडाली. तेव्हापासून दोन पंथ आहेत. काका ताराश्केविचपंथी. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या नावाआधी ऱ्हस्व-दीर्घ बघणारे मामा आपल्याकडे असतात ना, तसे. त्यांच्या खिशात काळं मार्कर पेन असतं. फलकावर, ठेल्याच्या पाटीवर, एकदा तर कोणाच्या तंबूवर, जिथे म्हणून १९३३ साली मृदुचिन्ह गेलं होतं तिथे ते परत आणून ठेवतात. तंबूवाला पोलिश होता. त्याला वाटलं, काकांनी सही दिली.

पण तंबूची खुंटी ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली, की तोंडातून निघतं ते अस्सल रशियन. हे मी स्वतः ऐकलं आहे. ‘काका, हे कोणत्या भाषेत?’ असं विचारल्यावर अंगठा तोंडात धरून म्हणाले, ‘शिव्यांना मृदुचिन्ह लागत नाही.’

दुपारी उत्सवात नवख्या बँडची स्पर्धा असायची. जिंकणाऱ्याला स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची संधी. उन्हात, अर्ध्या रिकाम्या मैदानात, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं थरथरत्या हातांनी गिटार जुळवत असतात आणि समोर एकटे बोरिककाका हाताची घडी घालून उभे. एकही बँड ते चुकवत नाहीत. प्रत्येक बँडनंतर ‘क्रामा यापेक्षा बरा वाजवायचा’ किंवा ‘उलिस ऐकलाय का तू?’ एवढा अभिप्राय. क्रामा, उलिस हे जुने बँड, पोरांच्या जन्माआधीचे. पोरं मंचावरून उतरली की काका मागे जातात. आता बोलणी बसणार, असं पोरांना वाटतं. काका बरणी उघडतात आणि काकडी पुढे करतात. ‘ढोल चांगला होता,’ म्हणतात. ‘बाकी शिकाल.’ आज नावारूपाला आलेल्या किती वादकांनी त्या बरणीत हात घातला असेल, याची नोंद कुठे नाही.

संध्याकाळी मोठे बँड. काकांची जागा ठरलेली: ध्वनियंत्रणेच्या टेबलाशेजारी. ‘आवाज इथेच खरा ऐकू येतो,’ हे कारण. खरं कारण, टेबलाला टेकता येतं आणि गुडघ्यांना आराम पडतो. शिवाय ध्वनिवाला हाताशी असतो. त्या माणसाशी काकांचं वर्षानुवर्षांचं वैर. ‘गायकाचा आवाज वाढव.’ ‘बास कुठे गेला?’ ‘हे काय, डबा वाजतोय.’ ध्वनिवाला दर वर्षी वेगळा असायचा, वैर तेच. एका वर्षी एका तरुण मुलीने कानावरचे हेडफोन काढून काकांच्या कानावर ठेवले आणि एक खटका दाखवून म्हणाली, ‘मग तुम्हीच करा.’ काकांनी खटका वर सरकवला, खाली सरकवला, चेहऱ्यावर समाधान पसरलं. ‘आता कसं!’ त्या खटक्याला काहीच जोडलेलं नव्हतं, हे ती मुलगी आजही सांगत नाही. मला सांगितलं, कारण मी भारतात कोणाला सांगणार, असं तिला वाटलं.

मग कधीतरी रात्री ‘तीन कासवं’ सुरू होतं. २०००च्या अल्बममधलं एन. आर. एम.चं गाणं. वाजू लागलं, की सगळं रान गातं. काका टेबल सोडतात. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातात चष्मा, फोन, बरणी आणि त्या दिवसाच्या गुडघ्याच्या गोळ्या देतात आणि गर्दीत घुसतात. पाच मिनिटं हा गृहस्थ उड्या मारतो, ढकलतो, ढकलला जातो. डोकी वर-खाली होत असताना त्यांचं टक्कल सहज ओळखू येतं. गाणं संपल्यावर घामाघूम परत येतात, चष्मा लावतात आणि म्हणतात, ‘९८ साली हे जास्त चांगलं वाजवलं होतं.’ ९८ साली ते गाणं आलेलंच नव्हतं. पण त्या क्षणी हे काढायचं नसतं.

सालांवरून आठवलं. १९९०. पहिल्या वर्षी आपण होतो, असं सांगणारे बोरिककाका मला इतके भेटले की ते सगळे खरे मानले तर तेव्हा रानात झाडांना जागा उरली नसती. ब्यालिस्तोकच्या एका काकांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांनी पहिल्या वर्षाचं वर्णन सूप येण्याआधी सुरू केलं: मंच कसा होता, पाऊस कसा आला, वायर कशी तुटली. काकू वाढत होत्या. मध्येच त्यांनी शांतपणे दुरुस्ती केली, ‘वायर नाही, फ्यूज.’ काका पुढे गेले. ‘आणि पाऊस नंतर आला,’ काकू म्हणाल्या. चहा घेताना उलगडा झाला. १९९० साली काकू विद्यार्थिनी होत्या आणि स्वयंसेवक म्हणून फाटकावर उभ्या होत्या. काका त्या वेळी सोविएत सैन्यात होते, बुटांना पॉलिश करत. पहिल्या वर्षाचं सगळं त्यांनी काकूंकडून ऐकलेलं. ‘मग तुम्ही कधी सांगत नाही?’ मी काकूंना विचारलं. ‘मला फाटकावरून काही ऐकूच आलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘याच्याकडून ऐकते, तेव्हा कळतं काय काय झालं ते.’

२०२०च्या उन्हाळ्यात महासाथ होती, आणि ऑगस्टमध्ये बेलारूसमध्ये निवडणूक. निकालानंतर लाखो लोक रस्त्यावर आले. पण निवडणुकीच्या तीन दिवस आधी, ६ ऑगस्टला, मिन्स्कमध्ये एका सरकारी कार्यक्रमात दोन ध्वनिवाल्यांनी ठरलेलं संगीत बाजूला ठेवून ‘पेरेमेन’ लावलं. व्हिक्तर त्सोयचं, ‘किनो’ बँडचं, बदल मागणारं जुनं गाणं. दोघांना दहा-दहा दिवस कोठडी झाली आणि ते गाणं गल्लोगल्ली वाजू लागलं.

काकांची पंचाईत बघण्यासारखी होती. तीस वर्षं आपण बेलारशियनमध्ये रॉक जगवला, व्हिसा काढले, धुलाईयंत्र सोडलं, आणि क्रांती आली ती रशियन गाण्यावर! लेनिनग्राडच्या माणसाच्या! दोन दिवस ते हे सगळ्यांना ऐकवत होते. तिसऱ्या दिवशी अंगणात शेजारी गात होते त्यात जाऊन उभे राहिले आणि सगळी कडवी म्हणाले. शब्द त्यांना पाठ होते. नंतर काकूंना एवढंच म्हणाले, ‘उच्चार मात्र माझा बेलारशियन होता.’

त्या हिवाळ्यात ते ब्यालिस्तोकला आले, तेव्हापासून तिथेच ‘पाहुणे’ आहेत. वॉर्सात, जिथे मी नोकरी करतो, तिथेही असे पुष्कळ पाहुणे आले. २०२२ साली पोलंडने सरहद्दीवर १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण घातलं. ज्या नाक्याच्या शिपायांची नावं काकांना पाठ होती, तो ग्रुदेकजवळचा बोब्रोव्हनिकीचा नाका २०२३च्या फेब्रुवारीत बंद केला गेला. त्याच वर्षी ‘तोर बँड’ या बेलारशियन बँडच्या तिघांना तिकडे साडेसात ते नऊ वर्षांच्या शिक्षा झाल्या, गाण्यांपायी. काका या विषयावर विनोद करत नाहीत. ‘आबी न्ये बिलो वाइनी’, म्हणजे फक्त युद्ध नको, बाकी सगळं सोसू, हे त्यांच्या आईचं पालुपद ते पूर्वी येता-जाता म्हणायचे. ते शेजारी युद्ध सुरू झाल्यापासून त्यांनी सोडलं आहे.

कार्यक्रम मात्र सोडत नाहीत. वॉर्सात एखाद्या तळघरातल्या क्लबमध्ये बेलारशियन बँड वाजवणार असेल तर काका दोनशे किलोमीटरवरून रेल्वेने येतात, अर्थात वेळेच्या आधीच. ‘हे काही बासोविश्चा नव्हे’ असं दारातच जाहीर करतात. भिंतीवरच्या पत्रकाला एखादं मृदुचिन्ह देतात. मग ध्वनियंत्रणेच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात. बास ऐकू येत नसतो, गायकाचा आवाज बुडालेला असतो, डबा वाजत असतो. काका एक शब्द बोलत नाहीत. २०२०च्या ऑगस्टपासून त्यांनी एकाही ध्वनिवाल्याला टोकलेलं नाही. उलट मध्यंतरात बरणी उघडून पहिली काकडी त्यालाच देतात. त्या पोराला वाटतं, म्हातारा भुकेजलाय आणि एकट्याने खायला लाजतोय.

तर तुम्ही वॉर्सात, व्हिल्न्यूसमध्ये किंवा ब्यालिस्तोकमध्ये कधी अशा कार्यक्रमाला गेलात आणि टेबलाशी फिकट काळ्या टी-शर्टातला, मिन्स्कच्या वेळेचं घड्याळ लावलेला माणूस दिसला, तर त्याला टेकायला जागा द्या. काकडी नाही म्हणू नका. पहिल्या वर्षाबद्दल विचारायचं असेल तर जवळ काकू आहेत याची आधी खात्री करून घ्या. आणि गाणं सुरू झाल्यावर त्याने हातात चष्मा दिला तर तो नीट धरा; त्या नंबरचा दुसरा त्याच्याकडे नाही.